गावातल्या मुलींना धावायला शिकवायचंय? शिट्टी हातात घेण्याआधी हे करा

दिवाळी उरकली की खान्देशातल्या अनेक गावांत कुणी ताई, कुणी दादा शाळेत जाऊन सांगतात, "मुलींना धावायला शिकवतो, पैसे काही नकोत." पहिल्या दिवशी मैदान भरून मुली येतात. लगेच चार फेऱ्या, घड्याळ, पहिल्या तिघींची नावं वहीत. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, मागे राहिलेल्यांना लाज वाटते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ज्या उरतात त्यांना शिकवायची गरज फारशी नव्हतीच, त्या आधीपासून पळतच होत्या.

हा क्रम उलटा आहे. स्वयंसेवक प्रशिक्षकाचं पहिलं काम म्हणजे सगळ्यात मागची मुलगी पुढच्या वेळीही मैदानावर येईल असं बघणं. गती त्यानंतर. खाली दिलेली पद्धत ९ ते १३ वर्षांच्या, म्हणजे साधारण चौथी ते आठवीतल्या मुलींसाठी आहे. दहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी एक तास, आणि शेवटी तीन किलोमीटर. धावत, मध्ये चालत, कसंही, पण हसत पूर्ण केलेले. त्यासाठी तुम्ही स्वतः धावपटू असायला हवं असं नाही. वेळेवर येणं, नावं लक्षात ठेवणं आणि आवाज न चढवणं जमलं पाहिजे.

## १. आधी माणसं जमवा

एकट्याने सुरुवात करू नका. मैदानावर कायम किमान दोन मोठी माणसं हवीत आणि त्यातली एक बाई हवीच. ही अट पाळता येत नसेल तर गट सुरू करणं पुढे ढकला. दर आठ-दहा मुलींमागे एक मोठं माणूस असं धरा. वीस मुली असतील तर तिघं बरे, कारण एखादीला लागलं की एक जण तिच्यापाशी अडकतो.

बाई कुठून आणायची? अंगणवाडीच्या ताई, आशा, बचत गटातल्या कुणी, कॉलेजात जाणारी गावातलीच मुलगी. त्यांना धावायला लावू नका. हजेरी, पाणी, शेवटच्या मुलीसोबत चालणं एवढं काम त्यांच्याकडे द्या. मुलींच्या कित्येक गोष्टी त्यांच्याच कानावर आधी जातात.

प्रत्येक स्वयंसेवकाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र घ्यावं. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून अर्ज करता येतो. "मला तर सगळं गाव ओळखतं" असं म्हणू नका. गाव ओळखतं म्हणूनच तुम्ही स्वतःहून कागद पुढे केला की बाकीच्यांना तो मागणं सोपं जातं.

मुलींशी वागायचे नियम पहिल्या बैठकीतच ठरवून लिहून काढा:

- कुठलीही मुलगी एका मोठ्या माणसाबरोबर एकटी राहणार नाही. खोलीत नाही, मोटारसायकलवर नाही.
- हात-पाय कसे ठेवायचे ते स्वतः करून दाखवायचं. मुलीचं अंग धरून दुरुस्त करायचं नाही.
- मुलींशी फोनवर खासगी बोलणं किंवा मेसेज नाही. निरोप पालकांना.
- मुलींचे फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवायचे नाहीत. पालक आणि शाळा दोघांची लेखी संमती असेल तरच फोटो, तोही नाव आणि गाव न लिहिता.

सावध: नियम फक्त पुरुष स्वयंसेवकांना लागू केले की त्यातून संशय वाढतो. ते सगळ्यांना सारखेच ठेवा.

## २. परवानगी, पण बरोबर क्रमाने

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर आधी मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग पालक. बरेच जण सरपंचांपासून सुरुवात करतात. तिथे होकार लगेच मिळतो, पण मुख्याध्यापकांना वाटतं की आपल्याला डावललं. अर्ज एका पानाचा करा: कोणत्या इयत्ता, कोणते दिवस, किती वाजता सुरू आणि बंद, मोठी माणसं कोण, मैदान कोणतं, शेवटी काय होणार. समितीच्या बैठकीत विषय घेऊन इतिवृत्तात नोंद होऊ द्या. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्या सदस्यांना तुमचे नियम दाखवून ठेवा.

आश्रमशाळा असेल तर वाट वेगळी आहे. मुली वसतिगृहात राहतात, त्यांची जबाबदारी शाळेवर असते. मुख्याध्यापक आणि स्त्री अधीक्षिका यांच्याशी बोलून अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे द्यावा लागतो. खान्देशात अशी कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. यात वेळ जातो, म्हणून नोव्हेंबरात सुरुवात करायची तर अर्ज ऑगस्टमध्येच द्या.

## ३. दिवस आणि वेळ

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण वेळापत्रक तुमच्या सोयीने ठरतं. मुलीचा दिवस आधी समजून घ्या. सकाळी पाणी भरणं, धाकट्या भावंडांचं आवरणं, शाळा, संध्याकाळी पुन्हा घरकाम. ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी सुरू झाली की रविवार शेतातच जातो. म्हणून "रविवारी सकाळी सहाला या" हे ऐकायला छान वाटलं तरी चालत नाही.

डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला शाळा सुटल्यावर तासभर सराव घेतला तर मुली अंधारात घरी जातील, आणि एका आठवड्यात आया पाठवणं बंद करतील. त्यांचं चुकत नाही. त्यापेक्षा मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्याच्या मधल्या एका दिवशी शेवटच्या दोन तासिका मागा, चार ते पाच. दुसरा दिवस शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते, आणि पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार, म्हणजे पुस्तकांऐवजी उपक्रमांचा दिवस असल्याने शाळेलाही असा उपक्रम हवाच असतो. बुधवार आणि शनिवार अशी जोडी धरली तर मध्ये पायांना पुरेशी विश्रांतीही मिळते.

हंगाम कोणता? दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरल्यावर सुरू करा आणि जानेवारीअखेरपर्यंत संपवा. मार्चपासून जळगाव-भुसावळचं ऊन अंगावर येतं, मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. उन्हाळी शिबिर म्हणून धावणं घेऊ नका, पहाटे घेतलं तरी नको. पावसाळ्यात काळी माती पायाला अशी चिकटते की दोन फेऱ्यांत चपला वीटभर जड होतात.

तपासा: तुमच्या गटातल्या किती घरांतले लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात? धडगाव, अक्कलकुवा, शहादा भागात ही संख्या मोठी असते. आईबाप मुलीला सोबत नेणार असतील तर तिला आधीच माहीत असतं, तुम्ही विचारा. अशा मुलीचं नाव यादीतून काढू नका. असेल तेवढे दिवस तिला येऊ द्या.

## ४. मैदान

काळ्या जमिनीच्या मैदानाला पाऊस संपल्यावर भेगा पडतात. वरून गवत असलं की त्या दिसत नाहीत आणि घोटा तिथेच मुरगळतो. सुरुवातीच्या आठवडाभर आधी दोघांनी मिळून मैदान पायी फिरा. भेगा मुरमाने बुजवा. सराटे, बाभळीचे काटे, काचा, तारा वेचा. सराट्यांचा वेल उपटूनच टाकावा लागतो, नाहीतर आठवड्याने पुन्हा तेच.

मग फेरी आखा. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद चौकोन आखला की एक फेरी २०० मीटरची होते, पाच फेऱ्यांत किलोमीटर. टेप नसेल तर सायकलच्या चाकाचा एक पूर्ण फेर जमिनीवर मोजून घ्या, चाकावर खडूची खूण करा आणि फेर मोजत चाला. कोपरे गोल ठेवा. थोडे मीटर कमी झाले तरी चालतं, काटकोनात वळताना मात्र घोट्यावर ताण येतो. रेषा फक्कीने मारा, कोपऱ्यांवर वाळू भरलेल्या बाटल्या ठेवा. दर वेळी फेरीची दिशा उलटी करा, म्हणजे एकाच पायावर सतत भार पडत नाही.

मैदानच नसेल तर? पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता किंवा गावठाणातली गाडीवाट चालेल. डांबरी रस्ता नको, हायवेच्या कडेने तर मुळीच नको. वेचणीच्या दिवसांत कापसाने फुगलेले ट्रॅक्टर-ट्रक जातात तेव्हा चालकाला बाजूचं काही दिसत नाही. पाटाला पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी तिकडे जाऊ नका.

सावली, स्वच्छ पाणी आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह या तीन गोष्टी असतील तीच जागा निवडा. तिसरी नसेल तर मोठ्या मुली पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते.

## ५. घरी जाऊन आरोग्याचा कागद भरा

हा टप्पा वगळला जातो, आणि खरा धोका इथेच असतो. शाळेत फॉर्म वाटून "सही करून आणा" म्हटलं की मुलगी स्वतःच सगळीकडे "नाही" लिहून आणते. प्रत्येक घरी जा, ताईंना सोबत न्या, कागद मोठ्याने वाचून दाखवा.

घरी पहिला प्रश्न येईल, बहुधा आजोबांकडून: "पोरगी धावीसन काय व्हई?" त्यावर ऑलिंपिकच्या गोष्टी सांगत बसू नका. "आप्पा, आठवड्यातून दोन दिवस, एक तास, शाळेच्याच मैदानावर. ताई सोबत आहेत. शाळा सुटायच्या वेळेला पोर घरी निघेल. तुम्ही कधीही येऊन बघा." खरोखर या म्हणा, आणि आले की खुर्ची द्या.

कागदावर काय हवं: जन्मतारीख, दोन फोन नंबर (त्यातला एक शेजारचा, कारण घरचा फोन बापाबरोबर शेतात असतो), न्यायला कोण येणार, आणि हे प्रश्न:

- दमा, धाप, रात्रीचा खोकला?
- फिट किंवा आकडी?
- हृदयाचा त्रास, धावताना कधी भोवळ, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का?
- सिकलसेलची तपासणी झाली का, कार्ड आहे का?
- शेंगदाण्याने किंवा कशाने अंगावर पुरळ येतं का?
- पाळी सुरू झाली का? (हे फक्त ताईंनी, आईला बाजूला घेऊन.)

सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी रक्तचाचणी होते, ती आधी करून घ्या. जिला प्रत्यक्ष आजार आहे तिच्यासाठी डॉक्टरांचा लेखी सल्ला येईपर्यंत धावणं नाही. तिला घड्याळ, हजेरी, शिट्टी द्या, गटाबाहेर ठेवू नका. जी फक्त वाहक आहे, म्हणजे दोष आईबापांपैकी एकाकडूनच आलाय आणि प्रत्यक्ष आजार नाही, ती सहसा धावू शकते, पण तिला ऊर फुटेपर्यंत पळवायचं नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि मांड्या-पोटऱ्यांत अचानक दुखणं किंवा ताकद गेल्यासारखं वाटलं की त्या क्षणी थांबवायचं. "थोडं सहन कर" हे वाक्य तिच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. ती खाली बसली आणि दोन-चार मिनिटांत सावरली नाही तर १०८ ला फोन.

रक्तक्षयाकडेही बघा. पापण्यांच्या आतला भाग फिकट, जिना चढताना धाप, सतत थकवा अशी मुलगी "आळशी" नसते. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहाच्या पुढे निळी. उपाशीपोटी घेतल्याने मळमळतं म्हणून मुली ती खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर घ्यायला सांगा, जंतनाशक गोळीही चुकवू देऊ नका. शंका असेल तर शाळा तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा आरोग्य केंद्रात दाखवा.

सावध: हे कागद एका फाइलमध्ये, एका माणसाकडे. कुणाला कोणता आजार आहे हे मैदानावर मोठ्याने बोलायचं नाही. उद्या त्यावरून मुलीला चिडवलं जातं, पुढे लग्नाच्या बोलणीत त्याचा विषय होतो.

## ६. कपडे, पाय, खाणं

नवे बूट आणायला सांगू नका. ज्या घरी पैसे नाहीत तिथली मुलगी कारण न सांगता येणं बंद करेल. शाळेचे कॅनव्हासचे बूट पुरतात. तेही नसतील तर साफ केलेल्या मैदानावर अनवाणी धावणं चपलेपेक्षा सुरक्षित आहे. स्लीपर घालून मात्र धावू द्यायचं नाही, पट्टा तुटतो आणि तोंडावर पडायला होतं. धनुर्वाताच्या लसी झाल्यात का ते बघून घ्या. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस सरकारी वेळापत्रकात आहेच.

पंजाबी ड्रेस चालतो. ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला गाठ, किंवा काढून पिशवीत. हाफ पँटचा हट्ट तुम्ही धरू नका. काचेच्या बांगड्या आणि लोंबणारे कानातले काढून ताईंकडे. जानेवारीत सकाळी थंडी दहा अंशांपर्यंत उतरते, म्हणून स्वेटर घालून यायचं आणि अंग गरम झाल्यावर काढायचं.

पाळीच्या दिवसांत धावायचं की नाही हे मुलगी ठरवेल. "चालेल", "नको", "आज फक्त चालते" ही तिन्ही उत्तरं सारखीच बरोबर. कारण सांगायची वेळ येऊ नये म्हणून एक खूण ठरवा: हजेरीच्या वेळी "आज हळू" एवढं म्हटलं की पुरे. पॅड ताईंच्या पिशवीत कायम असू द्या.

बुधवारी दुपारच्या पोषण आहारानंतर किमान दोन तास जाऊ द्या, नाहीतर बरगडीखाली चमक भरते. शनिवारी उलट अडचण. मुली नुसत्या चहावर येतात. निघण्याआधी अर्धं केळं किंवा भाकरीचा तुकडा खाऊन या म्हणा, आणि न खाता आलेलीसाठी जवळ केळी ठेवा. रावेर-यावल भागात एखादा शेतकरी आनंदाने फणी देतो. सराव संपल्यावर गूळ-शेंगदाणे.

## ७. पहिले दोन दिवस

घड्याळ घरी ठेवा.

पहिल्या दिवशी गोल करा, नावं विचारा, मग सगळ्यांनी मिळून मैदानाला एक फेरी चालत. त्यानंतर साखळी, लंगडी, खो-खो, वीस मिनिटं. मुली पळतीलच, आणि तुम्हाला कोण कसं पळतं ते दिसेल. शेवटी नियम सांगा, तेही तीनच: शिट्टी वाजली की थांबायचं, दुखलं की लगेच सांगायचं, कुणाला हसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट शिकवा, ती म्हणजे हळू धावणं. मुलींना दोनच गती माहीत असतात, चालणं आणि जीव तोडून पळणं. मधली गती कशी ओळखायची? जोड्या लावा आणि धावता धावता सातचा पाढा म्हणायला सांगा. पाढा सलग म्हणता आला तर गती बरोबर. "सात पंचे..." ला अडखळली तर हळू. जी मुलगी घरी अहिराणी किंवा पावरी बोलते तिला त्या भाषेत विचारा. "दम लागना का वं?" म्हटलं की खरं उत्तर मिळतं. प्रमाण मराठीत विचारलं की बऱ्याच जणी नुसती मान हलवतात.

धावण्याची ढब फार शिकवू नका. नजर पुढे, खांदे सैल, पावलं छोटी, एवढं बस्स.

## ८. एका तासाची बांधणी

पहिली पाच मिनिटं हजेरी. प्रत्येकीला नावाने हाक आणि "आज कसं वाटतंय?" त्यानंतर दहा मिनिटं अंग मोकळं करणं: चालणं, गुडघे उचलणं, टाचा मागे मारणं, हात फिरवणं. थंड अंगाने वाकून पाय ताणून धरणं नको, ते शेवटी. मग वीस-पंचवीस मिनिटं धावणं-चालणं. मध्ये दर पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट पाणी, तहान लागली असो वा नसो. त्यानंतर पाच मिनिटं सावकाश चालणं आणि पोटऱ्या-मांड्या हळूच ताणणं, प्रत्येक ताण वीस सेकंद, झटके न देता.

उरलेली दहा-पंधरा मिनिटं झाडाखाली बसून बोलणं. वेळ कमी पडला की लोक नेमकं हेच कापतात. त्यापेक्षा धावणं पाच मिनिटांनी कमी करा. एक साधा प्रश्न टाका: या आठवड्यात कशाचा राग आला? कुणी मदत केली? "नाही" म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही असं कधी झालं? तुम्ही कमी बोला. जी बोलत नाही तिला आग्रह नको.

बोलता बोलता एखादी काही गंभीर सांगेल. त्यासाठी आधीच तयार राहा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवणं हा गुन्हा ठरतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालते. मुलीचं लग्न ठरत असल्याचं कळलं तरी हाच नंबर. गावात ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात.

तपासा: सराव संपल्यावर यादी घेऊन प्रत्येक मुलगी कोणाबरोबर गेली ते बघा. शेवटची मुलगी जाईपर्यंत दोघांनीही थांबायचं.

## ९. दहा आठवड्यांची चढण

- आठवडा १: वर सांगितलेले दोन दिवस.
- आठवडा २ आणि ३: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, सहा वेळा.
- आठवडा ४: २ मिनिटं धावणं, २ चालणं, पाच वेळा.
- आठवडा ५: ३ धावणं, २ चालणं, चार वेळा.
- आठवडा ६: हलका. खेळ जास्त, धावणं चौथ्या आठवड्याएवढं.
- आठवडा ७: ५ धावणं, २ चालणं, तीन वेळा.
- आठवडा ८: ८ धावणं, २ चालणं, ८ धावणं.
- आठवडा ९: बुधवारी सातव्याएवढं, शनिवारी तीन किलोमीटरची रंगीत तालीम, हवं तिथे चालत.
- आठवडा १०: बुधवारी पंधरा मिनिटं अगदी हळू, मग मुख्य दिवस.

अर्ध्याहून जास्त मुलींना एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. सहावा आठवडा मात्र वगळू नका. मुली जोमात असतात, तुम्हीही असता, आणि दुखणी तेव्हाच सुरू होतात.

पुढे एक स्वयंसेवक, मागे एक. मागचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, तिथे गटातलं सगळ्यात शांत माणूस ठेवा. शेवटची मुलगी आली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवत उभं राहणं टाळा. हेतू चांगला असतो, पण तिला तेवढ्यानेच कळतं की आपण शेवटच्या आहोत. त्यापेक्षा मिनिटं मोजून धावा, फेऱ्या मोजून नको: शिट्टी वाजली की जी जिथे आहे तिथे चालू लागेल. मग शेवटचं असं कुणी राहत नाही.

ज्या मुली खरंच वेगवान आहेत त्यांचं काय? त्यांना तालुक्याच्या स्पर्धेसाठी वेगळा दिवस द्या, क्रीडा शिक्षकांकडे पाठवा. या तासाला त्या जोडीदार म्हणून धावतील.

## १०. दुखलं तर

पोटऱ्या सगळ्यांच्याच दुखतात, दोन दिवसांत राहतात. पण दुखणं एकाच ठिकाणी, एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल असं असेल तर धावणं बंद. नडगीवर असं दुखणं आठवडाभर टिकलं तर डॉक्टर.

टाच दुखते म्हणणाऱ्या मुली या वयात बऱ्याच असतात. उंची झपाट्याने वाढत असताना टाचेच्या हाडाचा वाढता भाग दुखावतो. दोन्ही बाजूंनी टाच दाबली की ती कळवळते. मुलगी बहाणे करत नसते. उड्या आणि धावणं दोन-तीन आठवडे कमी करा, चालू द्या, बर्फ लावा.

घोटा मुरगळला तर चोळू नका, तेल लावून मालीश तर मुळीच नको. बसवा, पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज. पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे.

बरगडीखाली चमक भरली तर चालायला लावा, तिथे हात दाबून श्वास लांब सोडायला सांगा. धाप न थांबता छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो दमा समजा. तिचं औषध तिच्याजवळच हवं, शाळेच्या कपाटात नको. वेचणीच्या धुळीत आणि शेतात पऱ्हाट्या जाळतात तेव्हा हा त्रास वाढतो, धूर असेल त्या दिवशी फक्त खेळ.

धावताना मुलगी कोसळली, छातीत दुखतं म्हणाली, किंवा बोलणं असंबद्ध झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. कांदा हुंगवणं नाही, तोंडात पाणी ओतणं नाही. १०८.

## ११. मुली येईनाशा झाल्या तर

दोन सराव चुकले की घरी जा, पण जाब विचारायला नाही. बहुतेक वेळा कारण वेचणी असतं, नाहीतर धाकट्या भावाला सांभाळणं. भाऊ असेल तर त्यालाही घेऊन ये म्हणा, ताई बघतील. गटात परत आल्यावर "कुठे होतीस?" असा प्रश्न सगळ्यांसमोर नको. तिला दोन आठवडे मागचा टप्पा द्या आणि एका जोडीदारणीला सोबत लावा.

हजेरीवर बक्षीस ठेवू नका. येणं तिच्या हातात नसतं.

## १२. तीन किलोमीटरचा दिवस

सगळ्यांच्या डोक्यात २६ जानेवारी येतो, कारण गाव जमलेलं असतं. मी त्या दिवशी घेऊ नका असं सांगेन. मुली पहाटेपासून उठलेल्या, प्रभातफेरी, कवायत, भाषणं, पोटात कावळे, डोक्यावर ऊन, आणि मग धावणं? त्याआधीचा शनिवार किंवा रविवार निवडा, सकाळी आठ वाजता. २६ तारखेला ध्वजवंदनानंतर मुलींना फक्त पुढे बोलवा.

आधीच्या आठवड्यात सरपंच, पोलीस पाटील आणि आरोग्य केंद्राला लेखी कळवा. मार्ग मैदानातच ठेवला तर पंधरा फेऱ्या. गावातून नेणार असाल तर प्रत्येक वळणावर एक माणूस उभं करा आणि कुत्री कुठे असतात ते आदल्या दिवशी त्याच वेळेला फिरून बघा.

पाहुण्यांची वाट बघत मुलींना उभं करू नका. आठ म्हणजे आठ. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढू नका. गावातून कुणी रोख बक्षीस जाहीर करायला पुढे येईल, त्यांना आदराने सांगा की त्या पैशांतून सगळ्या मुलींना बूट घेऊ. आया आणि मोठ्या बहिणींना शेवटच्या दोन फेऱ्या मुलींबरोबर चालायला बोलवा. साडीत, डोक्यावर पदर घेऊन येतात आणि चक्क पळतातही.

सगळ्या संपेपर्यंत कुणी मैदान सोडायचं नाही, पाण्याचा जार आवरायचा नाही.

त्या आठवड्यातच तीन कामं उरका. पालकांची बैठक घेऊन काय जमलं, काय नाही ते त्यांच्याकडून ऐका. आरोग्याचे कागद पालकांना परत द्या किंवा त्यांच्यासमोर फाडा, घरी कपाटात ठेवू नका. आणि मुलींना सांगा की फेब्रुवारीत हवं तर सकाळी मैत्रिणींबरोबर हळू धावा, पण मार्च लागला की बंद, पुन्हा दिवाळीनंतर. नव्या वर्षासाठी ताईंची नावं आत्ताच लिहून घ्या. आठवीतून बाहेर पडलेल्या मुलींपैकी ज्यांना मागच्या मुलीबरोबर चालणं आवडलं त्यांना आधी विचारा.